गावाची बातमी, पण मालक कुठे राहतो?

सागरगोटा

मंडळी, विषय बरेच दिवस डोक्यात होता. लेख लांबेल, सवडीने वाचा.

आम्ही २००६ पासून न्यू जर्सीत, एसेक्स काउंटीत राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या 'स्टार-लेजर' या दैनिकाची छापील आवृत्ती बंद झाली. त्याच सुमाराला 'जर्सी जर्नल' तर पूर्णच बंद पडला. आमच्या शेजारी ८४ वर्षांच्या आजी राहतात. सकाळी पायरीवरचा अंक उचलायचा आणि आधी निधनवार्तांचं पान उघडायचं हा त्यांचा नेम. त्या मला म्हणाल्या, "आता गावात कोण गेलं हे मला कोण सांगणार?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून इथल्या गावबातम्यांचा वीस वर्षांचा प्रवास आठवत राहिले, त्यातलं काही लिहिते.

मेपलवूड, साउथ ऑरेंज आणि मिलबर्न ही इथली एकमेकांना खेटून असलेली गावं. न्यूयॉर्कला लोकलने जाणारी, शिकलेली, खर्च करू शकणारी माणसं इथे राहतात, म्हणजे जाहिरातदाराला हवी तशी वस्ती. २००९ च्या फेब्रुवारीत 'पॅच' या गावबातम्यांच्या साखळीने आपली पहिली संकेतस्थळं याच गावांत सुरू केली. मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'द लोकल' नावाचा प्रयोग ब्रुकलिनच्या एका भागाबरोबर याच तीन गावांत आणला. मोठमोठी वर्तमानपत्रं माणसं कमी करत होती आणि इथे चार शाळांच्या गावात बातमीदारांची गर्दी झाली होती.

पण त्याच्या पाच वर्षं आधीच, २००४ साली, जवळच्या माँटक्लेअरमध्ये डेब्रा गॅलंट आणि लिझ जॉर्ज या दोघींनी 'बॅरिस्टानेट' सुरू केलं होतं. घरच्या टेबलावरून चालणारं. झाड कुठे पडलं, कुठल्या दुकानाला टाळं लागलं, शाळा मंडळाच्या सभेत कोण कोणाला काय बोललं, सगळं त्यात. आम्ही इथे आलो तेव्हा मी नवी होते, कोणी ओळखीचं नव्हतं. हे गाव मी तिथल्या बातम्यांपेक्षा त्याखालच्या भांडणांतून ओळखायला लागले. गॅलंटबाई गावात राहायच्या, त्यामुळे चूक झाली तर लोक त्यांना रस्त्यात गाठू शकत होते, आणि याचं मोल मला पुढे कळलं.

पॅचची कल्पना टिम आर्मस्ट्राँग यांची. तेव्हा ते गूगलमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. कनेक्टिकटमधल्या आपल्या गावाची माहिती इंटरनेटवर नीट मिळत नाही, हे त्यांना खटकलं होतं. २००९ मध्ये ते एओएल या इंटरनेट कंपनीचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी एओएलने पॅच सुमारे ७० लाख डॉलरना विकत घेतलं. मग जो झपाटा सुरू झाला तो विचारू नका. २०१० या एका वर्षासाठी ५ कोटी डॉलर ठेवले होते. बघता बघता संकेतस्थळांची संख्या ९०० च्या आसपास गेली. दर गावाला एक संपादक, एक लॅपटॉप, आणि साचा सगळीकडे एकच.

'टाइम्स' २०१० मध्येच न्यू जर्सीतून बाहेर पडला आणि जाताना आपलं काम त्याने कोणाकडे दिलं? बॅरिस्टानेटकडे. एवढ्या मोठ्या घराने घरच्या टेबलावर चालणाऱ्या दोन बायकांकडे किल्ल्या द्याव्यात, हे वाचून मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पॅचला मात्र दरवर्षी काही कोटी डॉलरची खोट येत गेली. २०१२ मध्ये भागधारकांनी त्यावरूनच आर्मस्ट्राँग यांना धारेवर धरलं. ऑगस्ट २०१३ मध्ये कपातीच्या काळात हजारभर कर्मचारी ऐकत असलेल्या फोनवरच्या सभेत त्यांनी एका सहकाऱ्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. त्याने फोटो काढला एवढंच निमित्त. जानेवारी २०१४ मध्ये हेल ग्लोबल या कंपनीकडे ताबा गेला आणि पुन्हा शेकडो लोकांना अशाच फोनवर, मिनिट-दोन मिनिटांत घरी पाठवलं गेलं.

त्यांपैकी कित्येक जण आपापल्या गावातले एकमेव बातमीदार होते. नेवार्कमधला कारखाना बंद झाला तर कामगारांची नोकरी जाते. इथे त्या नोकरीबरोबर गावाचे कानही गेले. गावाच्या बातम्या कोणी बाहेरून चालवाव्यात का, चालवल्या तर कशाच्या बदल्यात, यावर मला तुमची मतं हवी आहेत. माझं मत स्पष्ट आहे. बातमी कोण लिहितं याच्याइतकंच ती बंद करायचा निर्णय कुठल्या खोलीत होतो हे महत्त्वाचं आहे, आणि ती खोली गावात असावी.

---

टपालपेटी

उत्तम धागा, सागरगोटा. मी पुण्यात ३१ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

मोठ्या घराबद्दल आपण वाईट तेवढं सांगतो. पण तालुक्याच्या वार्ताहराने वाळूच्या ठेक्यावर बातमी दिली आणि दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली, तर तिला उत्तर द्यायला मागे कोणीतरी लागतं. आमच्याकडे कायदा बघणारा माणूस होता, जिल्हा आवृत्तीचा प्रमुख होता, आणि बातमी छापण्याआधी "दुसऱ्या बाजूला विचारलंस का?" असं दरडावणारा माझ्यासारखा एक जण होता. एकट्याने चालवलेल्या पानावर हा तिसरा माणूस नसतो. लिहिणारा, तपासणारा, जाहिरात मागणारा आणि रात्री शिव्या वाचणारा एकच. तो थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. डेस्कवर मी रोज त्या पकडत होतो.

दुसरं, गावात राहणं म्हणजे स्वतंत्र असणं नव्हे. गावात मेव्हणे असतात, सोसायटीचे चेअरमन असतात, मुलांच्या शाळेचे संचालक असतात. दूरच्या मालकाला निदान गावातल्या लग्नाला जावं लागत नाही.

---

अनुस्वार

टपालपेटी काकांच्या शेवटच्या वाक्यावर खूप विचार केला.

मी इथे अमेरिकेत अशाच एका साखळीसाठी तीन वर्षं बाहेरून लिहायचो. नाव देत नाही, त्याची गरज नाही. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी आणि संध्याकाळी शाळा मंडळाच्या सभा. एका सभेचे ५० डॉलर. सभा रात्री साडेअकराला संपायची आणि अंदाजपत्रकातल्या आकड्यांचा अर्थ लावेपर्यंत दीड वाजायचा. पैशांसाठी करत नव्हतो. माझी मुलगी त्याच शाळेत होती आणि सातवीच्या वर्गात ३१ मुलं का कोंबली याचं उत्तर मला हवं होतं.

आमची गावची संपादिका गावातच राहायची आणि आठवड्याला साठ-सत्तर तास राबायची. बाळाला कडेवर घेऊन अग्निशमन दलाच्या पत्रकार परिषदेला आलेली मी पाहिली आहे. म्हणून "साखळीवाले सगळे बाहेरचे" असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. ती आमचीच होती.

पण मग वरून आदेश आला की बाहेरच्या लेखकांचं अंदाजपत्रक बंद. सभा बंद. त्याऐवजी रोज अमुक इतक्या नोंदी टाका, छोट्या, चटकन वाचता येणाऱ्या. पुढच्या महिन्यात शाळा मंडळाने बसमार्ग बदलला आणि त्या सभेला बातमीदार म्हणून कोणीच नव्हतं. मी पालक म्हणून बसलो होतो, वही मिटून. ती रात्र मी विसरलो नाही.

काका, दूरच्या मालकाला लग्नाला जावं लागत नाही हे खरं. पण त्याला त्या बसमध्येही बसावं लागत नाही ना.

---

देवदार

सिएटलहून. इथल्या 'वेस्ट सिएटल ब्लॉग'चा उल्लेख झालाच पाहिजे. ट्रेसी रेकॉर्ड आणि त्यांचे पती पॅट्रिक सँड यांनी २००५ मध्ये सुरू केला, तेव्हा साधाच होता. डिसेंबर २००६ च्या वादळात वीज गेली आणि लोक एकमेकांना "तुमच्याकडे वीज आली का?" असं तिथे विचारायला लागले. तिथून तो बातम्यांचा झाला. पुढच्या वर्षी ट्रेसीबाईंनी टीव्हीच्या बातमी विभागातली नोकरी सोडली. त्या लिहिणार आणि पती जाहिराती बघणार अशी वाटणी.

मार्च २०२० मध्ये वेस्ट सिएटलचा पूल तडे गेल्यामुळे एका दिवसात बंद झाला तो सप्टेंबर २०२२ पर्यंत. अडीच वर्षं आम्ही वळसा घालून कामाला गेलो. शहरातल्या मोठ्या माध्यमांनी त्याच्या बातम्या दिल्याच, पण कुठल्या बैठकीत दुरुस्ती की नवीन पूल यावर काय बोललं गेलं, आज खालच्या पुलावरून कोणाला जाऊ देणार, हे आम्ही ब्लॉगवरच बघत होतो. पहाटे पाचला काही झालं तरी तिथे नोंद असायची.

एवढंच. बाकी सगळ्यांचं वाचतो आहे.

---

वाशिष्ठीकाठ

नमस्कार ताई, काका. मी चिपळूणचा. अमेरिकेतलं वाचत होतो आणि आमच्याच गल्लीतलं वाचल्यासारखं वाटत होतं.

मी सहा वर्षं एका मोठ्या दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मानधन किती ते सांगत नाही, पेट्रोलला पुरायचं नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी आली की टार्गेट यायचं, दिवाळीला वेगळं, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वेगळं. ज्या ठेकेदाराचा रस्ता पहिल्या पावसात उखडला त्याच्याच दारात मी पानभर शुभेच्छांसाठी उभा राहायचो. जाहिरात मिळाली की रस्त्याची बातमी चार ओळींत आतल्या पानावर. नाही मिळाली तर साहेबांचा फोन. काका, तुमच्यासारखा दरडावणारा डेस्क आमच्या वाट्याला आला नाही. आम्हाला फक्त जाहिरात विभाग दरडावत होता.

२०१९ ला सोडलं आणि समाजमाध्यमावर गावाच्या बातम्यांचं पान सुरू केलं.

२२ जुलै २०२१. पहाटेपासून पाणी चढत होतं. बाजारपेठ, चिंचनाका, मार्कंडी, पेठमाप, सगळीकडून फोन. मी दुसऱ्या मजल्यावर, हातात १८ टक्के बॅटरीचा फोन. गच्चीवर कोण अडकलंय, कुठल्या इमारतीत पेशंट आहे, होडी कुठून निघाली, हेच लिहीत राहिलो. वाहिन्या आल्या त्या नंतर. त्यांचंही काम मोठं होतं, त्यांच्यामुळेच मदत आली, मी नाकारत नाही. पण आठ दिवसांनी त्या गेल्या आणि आमचा चिखल तिथेच होता.

खरी बातमी त्यानंतरची. पूररेषेचा घोळ, निळी रेषा, लाल रेषा, कोणाला बांधकाम परवानगी मिळणार आणि कोणाला नाही. नदीतला गाळ काढावा म्हणून डिसेंबरमध्ये लोक उपोषणाला बसले. रोज जाऊन बसायचं, अधिकाऱ्यांनी आज काय आश्वासन दिलं ते तारखेसकट लिहायचं. कुठल्या मोठ्या घराला ते परवडतं? मला परवडत होतं, कारण माझं घर त्याच रेषेत येतं.

आणि भीतीचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यात, राजापूरला, ६ फेब्रुवारी २०२३ ला शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडलं. रिफायनरीच्या जमिनींबद्दल ते लिहीत होते. त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी गेले. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा महाराष्ट्रात आहे. पण त्या दिवशी रस्त्यावर ते एकटे होते. तेव्हापासून घरचे मला रात्री एकट्याने बाहेर पडू देत नाहीत.

---

पाणपोई

वाशिष्ठीकाठ, वाचून सुन्न झाले. जपून राहा हो.

एक व्यवहाराचा प्रश्न. हे सगळं चालणार कशावर? दुकानदाराच्या दोन जाहिरातींवर किती दिवस?

---

सागरगोटा

पाणपोई, प्रश्न बरोबर आहे आणि इथे त्याची एकापेक्षा जास्त उत्तरं निघाली आहेत.

न्यू जर्सीतच 'टॅपइंटो' आहे, २००८ मध्ये न्यू प्रॉव्हिडन्स गावात सुरू झालेलं. त्याची पद्धत फ्रँचायझीची. नाव आणि तंत्र त्यांचं, पण गावाच्या पानाचा मालक स्थानिक माणूस. कनेक्टिकटमध्ये 'न्यू हेवन इंडिपेंडंट' २००५ पासून ना-नफा तत्त्वावर, देणग्यांवर चालतं. शिकागोत तर वाचकांनीच पैसे दिले, त्याबद्दल खाली लिहिते. आणि आमच्या राज्याने २०१८ मध्ये कायदा करून स्थानिक बातम्यांसाठी सरकारी पैसा विद्यापीठांच्या भागीदारीतल्या एका स्वतंत्र संस्थेमार्फत द्यायची सोय केली. अमेरिकेत अशी पहिलीच. सरकारच्या पैशावर सरकारची बातमी कशी लिहिणार ही शंका मलाही होती. मधे एक भिंत ठेवली आहे, ती टिकते का हे पाहते आहे.

अनुस्वार, तुमच्या संपादिकेबद्दल वाचून मी माझं आधीचं लिहिणं पुन्हा तपासलं. तुमचं बरोबर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळानंतर आमच्याकडे आठ दिवस वीज नव्हती. पेट्रोलला सम-विषम नंबरप्लेटचा नियम लागला होता. कुठल्या पंपावर पेट्रोल आहे, ग्रंथालयात फोन चार्ज करायला कधी येऊ देतात, हे मी बॅरिस्टानेटवरही वाचलं आणि पॅचवरही. पॅचची माणसं अंधारात फिरून लिहीत होती. नऊ महिन्यांनी त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नोकरी गेली, ती काही त्यांच्या कामामुळे नाही. आणि मेपलवूड-साउथ ऑरेंजला आज 'व्हिलेज ग्रीन' आहे. पॅचचा अनुभव घेतलेल्या दोघींनीच तो २०१४ मध्ये उभा केला. म्हणजे माणसं तीच, फक्त खोली बदलली.

खरं तर पॅचही मेलं नाही. आटोपशीर होऊन, एकेका संपादकावर अनेक गावं टाकून, पुढे ते नफ्यात आलं, हजारावर गावांत आहे. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आमच्या नगर समितीच्या सभेत रात्री अकरापर्यंत बसणारं माणूस त्या नफ्यात कुठे आहे ते मला दिसत नाही.

काका, नोटिशीचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. इथेही २०१२ मध्ये अशा छोट्या प्रकाशकांनी 'लायन' नावाची संघटना काढली, एकट्याने चालवणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून. महाराष्ट्रात तालुक्याच्या पातळीवर असं काही व्हायला हवं असं फार वाटतं.

आता शिकागोचं. त्याची सुरुवात २ नोव्हेंबर २०१७ ला झाली. 'डीएनएइन्फो' आणि 'गॉथमिस्ट' ही न्यूयॉर्क, शिकागो वगैरे शहरांतली गल्लीबोळांच्या बातम्यांची संकेतस्थळं. मालक अब्जाधीश जो रिकेट्स. न्यूयॉर्कच्या कर्मचाऱ्यांनी संघटना करायच्या बाजूने मतदान केलं आणि आठवडाभरात रिकेट्स यांनी सगळंच बंद केलं. ११५ जणांची नोकरी गेली. पण मला त्याहून धक्का दुसऱ्या गोष्टीचा बसला. त्या संध्याकाळी जुन्या बातमीची कुठलीही लिंक उघडली तरी मालकाचं पत्रच समोर येत होतं. वर्षानुवर्षांच्या बातम्या, कोणाच्या इमारतीचा खटला, कोणाच्या मुलाचा अपघात, सगळं एका बटणाने दिसेनासं. ओरड झाल्यावर संग्रह परत आला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक नभोवाणीने पुढच्या वर्षी गॉथमिस्ट वाचवलं, आणि शिकागोतल्या काढून टाकलेल्या पत्रकारांनी वाचकांकडून वर्गणी गोळा करून 'ब्लॉक क्लब शिकागो' उभारलं. पण तो एक दिवस गावाला स्मृती नव्हती.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, हे शेवटचं वाचलं आणि हात थांबला.

माझं ते पान २०२३ मध्ये एका रात्रीत गेलं. कोणीतरी तक्रारी केल्या की हॅक झालं, आजपर्यंत कळलं नाही. कोणाला विचारायचं तेही कळत नाही, चिपळूणात काही त्या समाजमाध्यमाच्या कंपनीचं कार्यालय नाही. चार वर्षांच्या नोंदी गेल्या. पुराच्या दिवसाच्या, उपोषणाच्या, नगर परिषदेच्या सभांच्या. नवीन पान काढलं, लोक परत आले, पण अधिकाऱ्याने तेव्हा काय तारीख दिली होती हे दाखवायला आज माझ्याकडे काही नाही. परवा एका बैठकीत मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मार्चपर्यंत म्हणाला होतात." ते म्हणाले, "कुठे लिहिलंय?"

---

टपालपेटी

वाशिष्ठीकाठ, आता मी तुमच्या बाजूने बोलतो.

आमच्या दैनिकाची एक गोष्ट मला कायम मोठी वाटायची. तळघरात बांधलेले अंक होते. कोणीही म्हातारा माणूस यायचा, वर्ष सांगायचा आणि आम्ही तो गठ्ठा काढून द्यायचो. जमिनीच्या दाव्यात जाहीर नोटीस शोधायला वकील यायचे. घर मोठं असण्याचा खरा उपयोग तो होता. आणि आता मोठी घरंही आपली जुनी संकेतस्थळं नव्याने बांधताना हजारो बातम्या हरवून बसतात.

तुम्ही असं करा. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, वर्षाला हजार-पंधराशेचा खर्च. बातमी आधी तिथे आणि मग समाजमाध्यमावर. प्रत्येक नोंद टाकली की इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेत, तिचा पत्ता टाकून प्रत जपून ठेवा, फुकट आहे. आणि महिन्याच्या नोंदींची छापील प्रत काढून तारीखवार बांधा. एक घरी, एक गावच्या ग्रंथालयात. पहिल्या वर्षाच्या डोमेनचा आणि बांधणीचा खर्च मी देतो. उपकार म्हणून नव्हे, मला ते गठ्ठे बांधायची सवय आहे.

आणि एक. बातमी टाकायच्या आधी रात्री दहापर्यंत मला पाठवलीत तर वाचून देईन. "दुसऱ्या बाजूला विचारलंस का?" हे विचारायला मला अजून आवडतं.

---

अनुस्वार

डोमेन आणि संकेतस्थळ उभारायचं काम माझं. शनिवारी बसतो.

---

वाशिष्ठीकाठ

काका, अनुस्वार, काय लिहू. हो.

एक आठवलं. पान गेलं, पण सभांना मी आधी वहीत लिहायचो आणि मग फोनवर टाकायचो. त्या वह्या माळ्यावर आहेत. आत्ता काढल्या, अकरा आहेत. २०२१ च्या जुलैपर्यंतच्या चार भिजून फुगल्यात, पण शाई बॉलपेनची, वाचता येतंय. उपोषणाच्या दिवसांची वही कोरडी आहे. त्यातलं २८ वं पान उघडलंय, त्यात मार्चची ती तारीख आहे, कोण कोण हजर होतं तेही.

फक्त ग्रंथालयाचं एक सांगून ठेवतो. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही त्या पुरात पाणी शिरलं होतं, पुस्तकं गेली. तिथे प्रत द्यायची तर वरच्या मजल्यावर ठेवा म्हणून उद्या स्वतः जाऊन सांगतो. काका, पहिली वही आज रात्री टंकायला घेतली आहे. दहाच्या आत पाठवतो.